घानाची झेप

३ जानेवारी, मंठा
दोन्ही बाहेरच्या परीक्षकांचे अहवाल आले. प्रबंध मान्य. आता फक्त खुली मौखिकी, तीही बहुतेक महिनाअखेर. बायकोला, सुनंदाला फोन लावला तर ती अंगणवाडीत कामावर, पोरांच्या गलक्यात तिला ऐकूच येईना. तीनदा ओरडून सांगितलं. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी ऐकलं. ऐकू दे. नऊ वर्षं त्यांचं ‘कुठवर आलं हो?’ मी ऐकलंय.
विषय पुन्हा एकदा चांगल्या अक्षरात लिहून बघतो: ‘घाना आणि दक्षिण कोरिया: सकल देशांतर्गत उत्पादनाचा तुलनात्मक अभ्यास’. दोन्हीपैकी एकही देश पाहिलेला नाही. पासपोर्टसुद्धा नाही.

५ जाने.
कॉलेजात जाहिरात लागली. अर्थशास्त्र, कायम, एकच जागा. मुलाखतीला पीएच.डी.चं पत्र हातात पाहिजे. प्राचार्य म्हणाले, “जागा तुमचीच समजा, पत्र तेवढं आणा.”
तासिका तत्त्वावरचा माणूस म्हणजे तास संपला की संपला. उन्हाळ्यात मी कुणाचाच नसतो. जूनमध्ये पुन्हा अर्ज, पुन्हा तीच मुलाखत, त्याच तिघांसमोर, त्याच खुर्चीत. या वर्षी ते संपेल. संपलंच पाहिजे.

९ जाने.
पठाण सरांसोबत मौखिकीच्या स्लाइड करायला बसलो. पठाण सर भूगोलाचे, हसनाबादचे, आमची टेबलं शेजारी. कॉम्प्युटर त्यांना येतो, मला येतो असं मी म्हणतो. ते म्हणाले, “तक्ते लई जुने दिसून राह्यलेत. नेटवरून ताजे आकडे घेऊ, आलेख नवा काढू. जल्दी होईल.”
आकडे घेतले. माझी रेघ आणि नेटवरची रेघ एकावर एक ठेवली. कोरिया बराबर बसला. घाना बसेना. माझा घाना मधेच एकदम वर उडतो, नेटवरचा आपला सावकाश चढत जातो.
“सर, तुमचा घाना इथं उडी का मारून राह्यला?”
म्हटलं, तीच तर झेप. पाचवं प्रकरण त्याच्यावरच आहे.
“पण यांच्यात न्हाई.”
मी म्हणालो, साइट चुकली असेल. असं म्हणालो खरं. लिहून ठेवतो.

१० जाने.
सकाळी तक्ता उघडून बसलो आणि अर्ध्या तासात कळलं. इतकं सोपं आहे की रडू यावं.
आमच्याकडे रीत अशी: गाईडनी आपल्या प्रबंधातले तक्ते विद्यार्थ्याला द्यायचे, विद्यार्थ्यानं पुढची वर्षं जोडायची. माझ्या गाईडचा, सरांचाही प्रबंध याच दोन देशांवर. त्यांनी मला नऊ वर्षांपूर्वी स्वतःच्या हातानं झेरॉक्स दिली होती. “हा तक्ता घे, पुढचं जोड.” पाया पडून घेतली. तपासायची कशी? गाईडचे आकडे तपासणं म्हणजे त्यांच्या घरचं पाणी गाळून पिणं.
मधल्या काळात घानानं मोजायची पद्धत बदलली. आधी नीट न धरलेले धंदे धरले, फोनवाले, बँका, असलं सगळं. देश तोच, माणसं तीच, कागदावर मात्र एका दिवसात मोठा. सरांचे आकडे जुन्या मापाचे, मी जोडलेले नव्या मापाचे. आणि मी ते एकाखाली एक चिकटवून टाकले. जिथं सरांचा तक्ता संपतो, नेमका तिथंच माझा घाना उडी मारतो.
त्या उडीची कारणं मी सेहेचाळीस पानं लिहिली आहेत. कोको. सोनं. तेल. शांत निवडणुका. नेतृत्वाची दूरदृष्टी!! सगळी संदर्भासहित. न झालेल्या गोष्टीची पाच कारणं शोधणारा माणूस म्हणजे मी.

११ जाने.
कॉलेजला गेलो नाही. पोट बिघडलं म्हणून कळवलं, मग खरंच बिघडलं.
दुरुस्त करायचं तर प्रबंध मागे घ्यावा लागणार. नवा आलेख, पाचवं प्रकरण फाडायचं, निष्कर्ष फिरवायचे, पुन्हा परीक्षक. वर्ष, दीड वर्ष. मुलाखत मार्चमध्ये.

१४ जाने.
संक्रांत. तिळगूळ घेऊन सरांकडे गेल्तो. त्यांना सांगितलं. आधी आलेख दाखवला, मग तक्ता. सर कुंड्यांना पाणी घालत होते. पाईप बंद न करता ऐकलं. सगळं ऐकलं, आणि मला वाटतं पहिल्या मिनिटातच त्यांना समजलं. हुशार माणूस आहे, हे मान्य केलं पाहिजे.
“तुला हे कुणी विचारलं का?”
नाही सर.
“परीक्षकांनी अहवालात लिहिलं?”
नाही.
“मंग तू कशाला सांगत फिरून राह्यला?” मग जरा मऊ होऊन, “हे बघ, लोक आयुष्यभर तुलना करतेत. कोरिया पुढं गेला, घाना मागं राह्यला, हे तर खरंय ना? मंग झालं. बाहेरून येणारे सर कांदा-लसूण खात न्हाईत. जेवणाचं तेवढं बघ.”
निघताना पाया पडलो. सवय.

१९ जाने., पिंपळगाव रेणुकाई
गावी आलोय. येशीवर फ्लेक्स. माझा फोटो लग्नातला, त्यावर ‘डॉ.’ लावलेलं. धाकट्या भावाचं काम. मौखिकी अजून नऊ दिवसांवर, पण आमच्याकडे फ्लेक्स आधी आणि परीक्षा नंतर. भाऊ म्हणाला, “दादा, मौखिकीत कुणी नापास झालेलं ऐकलंय का?” ऐकलेलं नाही, हे खरं. मौखिकी म्हणजे शाल, नारळ, फेटा आणि पंगत; मधे दोन प्रश्न विचारतात, तेही तोंडाला चव यावी म्हणून. दोन जीपगाड्या ठरल्यात. रेणुकाईच्या देवळातून गुरव प्रसाद घेऊन येणार आहे. कुणाकुणाला नको म्हणू.

२० जाने., पिंपळगाव
वडिलांना, अण्णांना सांगितलं. का सांगितलं कुणास ठाऊक. अण्णा सातवीसुद्धा नाहीत, पण उभ्या जन्मात मेंढरं मोजली आहेत. आता मेंढरं नाहीत, चार शेळ्या आणि कापूस. शेळीला पाला टाकत होते. मी घाना म्हणजे काय, तिथपासून सुरू केलं. त्यांनी मधेच थांबवलं.
“कळलं. आमच्यात बी झालं होतं. पहिले मोजणीवाले यायचे तवा कोकरं धरीत नव्हते. एका साली नवा माणूस आल्ता, त्यानं कोकरं बी धरली, गाभण मेंढीला बी दोन धरल्या. मेंढरं तेवढीच. कागदावर कळप मोठा.”
मग?
“मंग काय. गायरानात बंदी. कळप लई वाढला म्हणे. दुसऱ्या साली निम्मी मेंढरं इकावी लागली.” शेळीला ढकललं. मग विचारलं, “तुझ्या त्या घानावाल्यांचं काय गेलं?”
नऊ वर्षं त्या देशावर बसून खाल्लं आणि हा प्रश्न एकदाही पडला नाही. कुठंतरी वाचलं होतं की गरिबाच्या यादीतून वर गेलेल्या देशाला सवलतीची मदत कमी होते. पण त्यांचं खरंच काय गेलं, कुणाच्या घरातून गेलं, ते माहीत नाही. माझ्या तक्त्यात माणसं नाहीतच.
मग अण्णांनी फेटा कोणत्या रंगाचा आणायचा, ते विचारलं.

२६ जाने., मंठा
सुनंदाला सगळं सांगितलं होतं; आज ती भांडली. “नऊ वर्षं तुमच्या शाईचे डाग धुतले. माझी सुपरवायझरची परीक्षा सोडली, का तर घरात एकच माणूस अभ्यास करू शकतो. मी तुम्हाला खोटं बोला म्हणते का? न्हाई म्हणत. फक्त उद्या बोलू नका.”
परवा, मी म्हणालो. मौखिकी परवा आहे.
“मंग परवा बोलू नका.”
तिचं काही चुकलं असं वाटत नाही.

२८ जाने.
झालं.
हॉल भरला होता. पुढच्या रांगेत अण्णा, लाल फेटा, हात मांडीवर. बाहेरचे सर वयस्कर, अंगानं बारीक, सर्दी झालेली. प्रबंध चाळत होते. मी मनात ठरवलं होतं, अगदी पक्कं: त्यांनी त्या उडीबद्दल विचारलं तर सांगायचं. नाही विचारलं तर दैव.
त्यांनी तेच विचारलं. पहिलाच प्रश्न. “घानानं ही झेप नेमकी कशामुळं घेतली?”
बारा मिनिटं बोललो. कोको, सोनं, तेल, निवडणुका, नेतृत्व. एकदाही अडखळलो नाही. इतकं चांगलं मी वर्गात कधी बोललो नाही. सरांनी मान डोलावली. टाळ्या झाल्या. नंतर शाल, नारळ, फोटो, आणि बिनकांद्याची पंगत.
पठाण सर मागच्या रांगेत होते. पूर्ण वेळ फरशीकडे बघत होते. नंतर येऊन हात मिळवला, “मुबारक हो सर,” म्हणाले. जेवले नाहीत. हसनाबादची गाडी चुकेल म्हणाले. हसनाबादची गाडी तासातासाला असते.
जीपमध्ये भाऊ नाचत होता. अण्णा खिडकीकडे. मला वाटलं काही बोलतील. झोपले होते.

१६ मार्च
मुलाखत. पत्र दाखवलं. तेच तिघं, तीच खुर्ची. या वेळी चहा मिळाला.

२ जून
हजर झालो. हजेरीपटावर नाव शाईनं. सुनंदानं पुरण केलं. आनंद झाला, खोटं कशाला लिहू. दोन-तीन दिवस घानाची आठवणही आली नाही.

२३ जुलै
सरांचा फोन. अभ्यास मंडळाचे ते अध्यक्ष आहेतच. एम.ए.ला ‘तुलनात्मक अर्थव्यवस्था’ हा नवा पेपर, आणि त्याला मराठीत पुस्तक नाही. “तुझं पाचवं प्रकरण काढतो पुस्तिका म्हणून. दोघांची नावं. पोरांना मराठीत काही मिळतच न्हाई, तुला माहिताय.”
माहीत आहे. इंग्रजी वाचणारा कुठंतरी तपासून घेईल. मंठ्याचा, परतूरचा, भोकरदनचा पोरगा हेच वाचणार आणि हेच खरं धरणार.
म्हणालो, सर, ते प्रकरण नको. दुसरं घ्या.
“आता प्रोबेशनवर आहेस ना? दोन वर्षं?” एवढंच. आवाज प्रेमळ होता.

११ सप्टें.
पुस्तिका आली. निळं कव्हर, त्यावर माझा आलेख, उडीसकट. शिकवायलाही मलाच दिली. मी वर्गात कोरिया सहा तास शिकवला. घानाला एक तास, तोही घाईत. पाठ फिरवून फळ्यावर लिहीत राहिलो. कुणी काही विचारलं नाही. आमची पोरं विचारत नाहीत, आम्हीच त्यांना तसं केलंय.
पठाण सरांनी टेबल खिडकीकडं घेतलंय. उजेड चांगला आहे म्हणे. बोलतात, पण आता ‘अहो-जाहो’ जास्तच नीट असतं. एकदा धाडस करून म्हणालो, सर, माझ्या जागी तुम्ही असता तर. ते म्हणाले, “मालूम न्हाई. बिलकुल मालूम न्हाई. म्हणून तर मी तुम्हाला काही बोललो न्हाई.” वही तपासत राहिले.

४ नोव्हें., पिंपळगाव
दिवाळी. अण्णांनी शेजाऱ्याला माझी ओळख करून दिली, “हा आमचा डाक्टर. दोन देश मोजतो.” चेष्टा होती की कौतुक, त्यांच्या चेहऱ्यावरून आजवर कधी कळलेलं नाही.
एक मनात येतं ते लिहितो. कोरिया आणि घाना एकाच सुमारास निघाले, जवळपास सारखेच गरीब. मग एक कुठं गेला, एक कुठं राहिला. का, हा खरा प्रश्न होता, आणि चांगला प्रश्न होता. मला त्यानं खरंच झपाटलं होतं सुरुवातीला. बस स्टँडवर उभा असायचो आणि वाटायचं, आपल्या जालन्याच्या आणि लातूरच्या बाबतीतही हे विचारता येईल. तो प्रश्न मीच घाण केला. घानाची खरी चढण, ती सावकाश चढत गेलेली रेघ, ती किती कष्टाची असेल. तिच्याकडं मी पाहिलंच नाही, कारण माझ्याकडं उडी होती.

१० मे
वर्ष फिरलं. मूल्यांकन केंद्रावर आलोय, पेपर तपासायला. ‘तुलनात्मक अर्थव्यवस्था’ मलाच. प्रश्न चौथा, सोळा गुण: ‘घानाने आर्थिक उत्पादनात घेतलेल्या झेपेची कारणे स्पष्ट करा.’ पेपर सरांनी काढलाय. उत्तरसूचीही त्यांची: पाच कारणं, प्रत्येकी तीन, मांडणीला एक. पाचपैकी एकही कारण नसल्यास शून्य.

११ मे
आज एकावन्न पेपर. सगळ्यांनी झेप लिहिली. कोको, सोनं, तेल, निवडणुका, नेतृत्वाची दूरदृष्टी. माझीच वाक्यं, माझ्याच स्वल्पविरामांसह, एकावन्न अक्षरांत. एकानं ‘दूरदृष्टी’खाली दोन रेघा मारल्या आहेत. तीन गुण, तीन गुण, तीन गुण. हात दुखला.

१२ मे
आजच्या गठ्ठ्यात एक पेपर.
नाव नसतं, नुसता बारकोड. अक्षर बारीक, डावीकडं झुकलेलं. बाकीचे प्रश्न बेताचे. चारही मिळून पासला सहा कमी पडतात. चौथ्या प्रश्नाला दीड पान. लिहिलंय:
‘प्रश्नात दिलेली झेप घडलेली नाही. पुस्तकातला आलेख मी मोबाइलवरच्या आकड्यांशी ताडून पाहिला. मोजण्याचे आधारवर्ष बदलल्यामुळे आकडा वाढला, उत्पादन तेवढे वाढले नव्हते. जुने व नवे आकडे जोडताना चूक झाली असावी.’ खाली पट्टी न वापरता काढलेले दोन आलेख. एकात उडी, एकात ती सावकाश चढणारी रेघ. दोन्ही बरोबर. मग दोन ओळी सोडून: ‘पुस्तक लिहिणारे मोठे आहेत. माझे चूक असल्यास क्षमा असावी.’
वाचून बाहेर गेलो. नळावर तोंड धुतलं. परत येऊन पुन्हा वाचलं. कुठल्या कॉलेजचा, मुलगा की मुलगी, काहीच कळायला मार्ग नाही. कुठंतरी एका खोलीत मोबाइल हातात धरून यानं किंवा हिनं ते केलं जे मी नऊ वर्षांत केलं नाही. आणि माफीही मागितली. माझी लाज वाटते, एवढं एकच वाक्य आज सरळ लिहिता येतंय.
सूचीप्रमाणे शून्य. शून्य दिलं तर नापास. सोळा दिले तर शेजारी कारण लिहावं लागेल, माझ्या सहीनं. सूचीबाहेर गुण दिलेले पेपर फेरतपासणीला वर जातात, आणि वर सर आहेत. प्रोबेशनचं एक वर्ष उरलंय. सहा देऊन पास करावं, असाही विचार आला. सहा कशाचे? अर्ध्या खऱ्याचे? त्यालाही कारण लिहावंच लागेल.
सुनंदाला फोन केला. सगळं सांगितलं, आलेखासकट. ती म्हणाली, “या वेळी मी काहीच सांगणार न्हाई.” आणि फोन ठेवला.
साडेपाचला गठ्ठा बांधला. केंद्रावरचे बाबू गुणपत्रक घेऊन आले. “सर, तुमचा एक रकाना रिकामा हाये.”
म्हणालो, सकाळी भरतो.
“शून्य असंल तर शून्य लिहा, पण खाली ठेवता येत न्हाई. उद्या अकराला अभ्यास मंडळाचे मोठे सर येऊन राह्यलेत बघायला, त्याच्या आधी भरा.”